वर मिळालेला वकील

बसप्पाला कुणी काही दिलं की तो आधी ते हातावर तोलून बघायचा आणि मग विचारायचा, "वर काय?"

कांदे घेतले तर वर मिरच्या. मिरच्या घेतल्या तर वर कोथिंबीर. नुसती कोथिंबीरच घ्यायची वेळ आली तर भाजीवालीला म्हणायचा, "मावशे, वर कढीपत्त्याची काडी तरी टाक की." एकदा ताप आला म्हणून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेलता. गोळ्या मिळाल्या तरी हा खिडकीपाशी उभाच. आतल्यानं विचारलं, "आता काय ऱ्हायलं?" बसप्पा म्हणला, "वर काय?" आतल्यानं वैतागून खोकल्याच्या औषधाची बाटली हातावर ठेवली. खोकला नव्हता. तरी बसप्पानं बाटली संपवली आणि औषध वाया जाऊ नये म्हणून मधूनमधून थोडं खोकून घेतलं.

त्याच्या लग्नात सासऱ्यानं तांब्याची घागर दिली तेव्हाही भर मांडवात त्यानं "वर काय?" केलं होतं, आणि घागरीवरचं झाकण मिळवलं होतं. त्याची बायको गंगासागर अजून म्हणायची, "माझ्यावर घागर मिळाली का घागरीवर मी, ते मला आजूनबी उमगलं न्हाई."

देवीच्या वाटेवर बसप्पाचं कापूर, विभूती आणि सुतळीचं दुकान होतं. तिथं गिऱ्हाइकानं वर मागितलं तर तो नाही म्हणत नसे. कापराच्या पुडीवर चिमूटभर विभूती टाकायचा. पण ती चिमूट अशी तयार झाली होती की गिऱ्हाइकाला मिळाल्याचा आनंद व्हायचा आणि डब्याला गेल्याचं कळायचं नाही.

राहायचं घर मंडीच्या गल्लीत, कोपऱ्यावर. बापानं ठेवलेलं, तीन खोल्यांचं, माळवदाचं. जोतं उंच, त्याला उंच दगडी पायऱ्या. नळ मात्र खाली गल्लीत. गंगासागरच्या गुडघ्यांनी जबाब दिला होता. घागर घेऊन चढताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि शंकराला म्हणायची, "महादेवा, येवढ्या चढणीत तर तुजं कैलास आलं आसतं."

ते साल शहाण्णव. दिल्लीत बाजार खुला झाला म्हणत होते, त्याची हवा अंबाजोगाईपर्यंत आली होती. पिवळे एसटीडी बूथ निघाले होते. टीव्हीवर जाहिरात लागायची, जुना टीव्ही द्या, नवा न्या. ती जाहिरात धर्मराज शेठनं पाहिली. धर्मराज आधी सिमेंट विकायचा, मग लोखंडही विकायला लागला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता दोन्ही एकत्र करून उभं केलं की आपण बिल्डर होतो. त्यानं कॉलेजच्या अंगाला लेकीच्या नावानं 'रुचिका अपार्टमेंट' बांधलं आणि बसप्पाच्या दारात येऊन ओट्यावर बसला. ओट्यावर आधीपासून शेजारच्या सुग्रीवच्या शेळ्या बसल्या होत्या, त्यांनी थोडं सरकून त्याला जागा दिली.

"अप्पा, हे जुनं घर मला द्या, माझा नवा फ्लॅट घ्या. तुमच्या कोपऱ्यावर मी दुकानाचे गाळे काढतो. पैशाचा वेव्हार न्हाई. सरळ अदलाबदल."

बसप्पा काही बोलायच्या आत गंगासागर आतून आली. "नळ कुठं हाय?"

"किचनात, मामी."

"म्हंजे घरात?"

"वट्ट्यावर. बसल्या जागी हात लांबवला की पानी."

"आन् पायऱ्या?"

"तळमजला देतो की. एकच पायरी. ती बी शोभेला."

गंगासागरनं तिथंच मनानं सामान बांधलं. धर्मराजनं जाता जाता सांगून ठेवलं, तळमजल्याचा हा एकच फ्लॅट राहिलाय. मेडिकल कॉलेजातला एक डॉक्टर आपल्या आईसाठी मागायलाय. दसऱ्यापर्यंत धरून ठेवतो. दसऱ्याला दस्त झाला नाही तर डॉक्टरला देतो, मग तुमच्यासाठी चौथा मजला. लिफ्ट पुढच्या बिल्डिंगीला.

"आवं, हो म्हणा," गंगासागर म्हणाली.

बसप्पानं घसा खाकरला. "वर काय?"

"अप्पा, फ्लॅट हाय हा. कांदे न्हाईत."

"तरी बी."

पंखा मागून झाला, ट्यूबलाइट मागून झाली. धर्मराज हिशेबाचा पक्का, काही सोडेना. शेवटी उन्हं तापली, शेळीनं त्याच्या सफारीचा खिसा चाटला, आणि उठता उठता तो बोलून गेला, "बरं जावा, कायद्याचा सगळा खर्च माझा. वकील, इस्टाम, रजिस्ट्री, समदं. तुमी निस्ती सही करायला या."

बसप्पाचा चेहरा उजळला. आजवर त्यानं पुष्कळ काही वर मिळवलं होतं, पण वर वकील मिळालेला नव्हता.

*

वकिलाचं नाव केदारनाथ. वय कमी, काळा कोट नवा, आणि पक्षकार नसल्यानं टेबल लई स्वच्छ. बसप्पा पहिल्यांदा गेला तो शंका घेऊन.

"वकीलसाहेब, पैसाच इकडून तिकडं जायना, तर इस्टाम कावून? भांडेवालीला आमी जुनी लुगडी देतो, पातेलं घेतो. तिथं कुठं रजिस्ट्री लागती?"

"पातेलं जाग्यावरून हलतं, अप्पा. घर हलत न्हाई. म्हणून कागद हलवावा लागतो."

बसप्पाला हे पटलं. वकिलानं पुढं सांगितलं की अदलाबदलीत दोन्ही मालमत्तांची किंमत बघायची आणि जी महाग, तिच्यावर स्टॅम्प. बसप्पा लगेच बोटांवर हिशेब करायला लागला. मग त्याला आठवलं की देणारा दुसरा आहे. बोटं थांबली.

"मग चांगला महागाचा लावा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बसप्पा कायद्याच्या पंगतीला बसला. दुपारी दुकानाची फळी अर्धी लावायची आणि वकिलाकडं जायचं. "आज काय वाढायलाव?" असाच चेहरा.

वकील म्हणाला, मालकीचा तीस वर्षांचा शोध घ्यावा लागेल. बसप्पा म्हणाला, "तीसच कावून? निजामापासून घ्या. फुकट हाय न्हवं?" त्यानं ट्रंकेतून आज्याच्या काळचा उर्दू कागद काढला. तो वाचायला एक म्हातारे मौलवीसाहेब आणावे लागले. त्यांच्या रिक्षाचं भाडं, चहा आणि बालूशाही धर्मराजच्या खात्यावर. मौलवीसाहेबांनी चष्मा पुसून वाचलं, की आज्यानं हे मकान घेतलं तेव्हा विकणाऱ्याकडून वर एक दुभती शेळीही घेतली होती.

बसप्पाची मान ताठ झाली. "बघितलं का? खानदानी हाय हे."

धर्मराज कपाळाला हात लावून बसला होता. "अप्पा, मग ती शेळी बी मला दस्तात द्यावी लागती. कुठं हाय?"

"मेली की."

"दाखला आना मग."

खरी गोडी लागली ती दस्ताच्या मसुद्याला. वकील वाचायला लागला, 'सदर घर, त्याखालील जमीन, माती, दगड, त्यावरील माळवद, त्यात येणारी हवा, उजेड व इतर सर्व, इत्यादी.' बसप्पा ऐकता ऐकता पुढं सरकला. आयुष्यभर तो जे तोंडानं मागत होता ते या माणसांनी लेखी बसवलं होतं! एकेका शब्दावर चार चार शब्द वर, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर शेवटी 'इत्यादी'. आपण उगीच कापूर विकत बसलो, असं त्याला वाटून गेलं.

मग त्यानं भर घालायला सुरुवात केली. दारातली जास्वंद घातली. तिची फुलं घातली, कळ्या घातल्या आणि पुढं येणाऱ्या कळ्याही घातल्या. टायपिंगचे पानामागं पैसे धर्मराज देत होता, वकिलाची काही तक्रार नव्हती. दुकानात बसप्पा गिऱ्हाइकाला म्हणायला लागला, "सदर कापूर घ्या, लई जळतो."

घरी गंगासागर विचारायची, "कागद झाला का?"

"भरतोय."

"भरू नगा, संपवा. माझे गुडघे इत्यादी झालेत."

मसुद्यासाठी वकिलानं घरातल्या वारसांची नावं विचारली होती. "तुमाला भाऊ?" नाही. "बहीन?"

"हाय. वत्सलाक्का. उमापूरला दिलीय."

"मग तिचं हक्कसोडपत्र लागतंय. वडिलांच्या घरावर तिचा बी हक्क हाय."

"आवं, लगीन झालंय तिचं."

"झालं तरी लागतंय."

"माझीच बहीन हाय, कुठं जाती? करंल की सही," बसप्पा म्हणाला आणि जास्वंदीकडं वळला. आक्काला पत्र टाकायचं राहून गेलं.

*

शेवटी राहिली जाहीर नोटीस. घराची अदलाबदल होतेय, कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत वकिलाला कळवा, अशी पेपरात द्यायची. कोपऱ्यातली चार ओळींची पुरत होती. बसप्पा म्हणाला, मोठी द्या, चौकटीत द्या, आणि 'प्रतिष्ठित व्यापारी' घाला.

"अप्पा, ही नोटीस हाय, सत्कार न्हाई."

"धर्मराज शेठ देतेत न्हवं?"

नोटीस आली. चौकट अशी की लांबून वाढदिवसाची शुभेच्छाच वाटावी. आपलं नाव एवढं जाड छापलेलं बसप्पानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं त्या दिवशीचे पेपर होते नव्हते तेवढे उचलले. आता एवढे पेपर करायचे काय? दुकानदार माणूस, दुसरं काय करणार? बरोबर चौकटीचा तुकडा कापून त्यानं कापराच्या पुड्या बांधायला घेतल्या. आठवडाभर देवीला आलेला जो तो कापूर, वर चिमूटभर विभूती आणि त्यावर बसप्पाच्या घराबद्दल हरकत घ्यायचं छापील आवतण घेऊन गेला.

पहिला आला सुग्रीव. वकिलाच्या दारात शेळ्यांसकट.

"हरकत तशी कायबी न्हाई वकीलसाहेब. पन पेपरात येवढं इचारलंय, तर गप बसनं बरं दिसंना. माझ्या शेळ्या दुपारच्याला अप्पाच्या ओट्यावर बसतेत. त्येंचं कसं?"

बसप्पा तिथंच होता. "सुग्र्या, लेका, शेळ्यांना कसला हक्क बे?"

"तुमच्या आज्याला शेळी वर मिळालती म्हणे. तवापून बसतेत."

धर्मराजनं ओट्यावरचे पत्रे सुग्रीवला शेळ्यांच्या छपरासाठी देऊन ती हरकत मिटवली. मग एकानं गटाराची हरकत आणली, एकानं पतंग माळवदावर अडकून राहिल्याची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मोठ्या चौकटीतून विचारलंय, तर उत्तर देणं माणसांना कर्तव्य वाटलं. धर्मराज प्रत्येकाला चहा पाजत होता आणि बसप्पाकडं बघत होता.

आणि दसरा आठवड्यावर आला असताना उमापूरची वत्सलाक्का आली. एस्टीतून उतरून सरळ. ट्रंक, वळकटी, आणि हातात कापराची पुडी. गावातल्या कुणीतरी देवीचा म्हणून आणून दिलेला कापूर तिनं लावायला काढला होता, तर पुडीवर भाऊ छापलेला. ती मधल्या पायरीवर बसली, जिथं गंगासागर घागर टेकवायची तिथं, आणि हाक मारली, "बस्या!"

बसप्पा धावत बाहेर आला. "आक्का! आगं, कळवायचं तरी."

"तू कळवलंस की. पेपरात. प्रतिष्ठित व्यापारी म्हणून."

"ऱ्हाऊनच गेलं बघ. ये, आत ये."

"आत कावून येऊ? घर इकलंस न्हवं?"

"इकलं न्हाई, बदललं."

"तेच ते. मी हरकत घ्यायला आले. चौदा दिवस लिवलेत, आजून दोन हायत."

धर्मराजला निरोप गेला. तो घामाघूम होत आला, वकील त्याच्या मागं. त्याला वाटलं, बाई अर्धा वाटा मागणार. "आक्का, तुमाला काय पायजेल ते सांगा, मी मध्ये पडतो."

"मला तुमच्या फ्लॅटातली फरशी बी नगं," आक्का म्हणाली. "लगीन होऊन निघाले तवा आईनं मला ह्याच पायरीवर म्हणलं, पोरी, कवाबी ये. आता ह्यानं पायरीच देऊन टाकली. मग मी येऊ कुठं?"

वकिलाच्या पुस्तकात पायरीचं कलम नव्हतं. बसप्पानं लुगडं देऊ केलं. "लेकानं घेतलंय." पैंजण देऊ केले. "ह्या वयात?" आक्कानं त्याच पायरीवर तंबाखूची चंची सोडली आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी जेवायला मात्र आत आली. जेवण आणि हरकत वेगळी, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गंगासागर आपला फ्लॅट एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून रुचिका अपार्टमेंटला गेली. दार उघडंच होतं. आत फ्लॅट बघायला आलेली डॉक्टरची आई वट्ट्यापाशी उभी. तिनं नळ सोडला होता आणि नुसती ओंजळ भरायची, रिकामी करायची, परत भरायची. म्हातारीचेही गुडघे वाकडे. गंगासागरला तिचा राग करता येईना, हीच मोठी पंचाईत झाली. ती घरी आली, पायऱ्या चढली, बसप्पापुढं उभी राहिली.

"जल्मभर वर मागितलंत. आज एकदा वर द्या."

"काय देऊ? ती काय घेईच ना!"

"ती काय मागती ते ऐकलं का तुमी? का तवा बी इत्यादीच ऐकत होतात?"

बसप्पा पायरीवर आक्काशेजारी जाऊन बसला.

"आक्का, फ्लॅटावर ये की. तिथं बी मीच आसनार."

"तोंडानं नगं. आईनं तोंडानंच सांगितलतं. पेपरात छापतूस, तर हे बी कागदावर घे."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे रजिस्ट्री ऑफिसबाहेर, टायपिस्टच्या टेबलाभोवती. केदारनाथ वकिलानं वाक्य सांगितलं, 'वत्सलाबाई यांना दरवर्षी दिवाळीस सदर फ्लॅटमध्ये माहेरपणास राहण्याचा हक्क राहील.' टायपिस्टनं टाइप केलं. आक्कानं मान डोलावली. धर्मराजनं सुटकेचा श्वास सोडला.

बसप्पानं ओळ पाहिली. त्याला ती फार बारकी वाटली. जास्वंदीला एवढे शब्द आणि सख्ख्या बहिणीला एक ओळ?

"येवढंच? जरा भरून लिवा की, वकीलसाहेब."

"पुरतं एवढं, अप्पा."

"दिवाळी व इतर सर्व सण, असं घ्या. त्येंचे आदले दिवस, नंतरचे दिवस."

वकिलानं चष्म्यावरून बघितलं. "अप्पा, इचार करा बरं का."

"कावून? कागद शेठचा, शाई शेठची. आन् शेवटी इत्यादी ठोका."

टायपिस्टनं इत्यादी ठोकलं. वत्सलाक्कानं पेन मागितलं आणि भाऊ आणखी काही बोलायच्या आत, चौथी शिकलेल्या जाड अक्षरात, आडवी लांबलचक सही केली. आत गेल्यावर कारकुनानं बसप्पाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. शाई लागलेला अंगठा बघत बसप्पानं विचारलं, "वर काय?" कारकुनानं दार दाखवलं.

धर्मराजनं पुढच्याच आठवड्यात बोर्ड रंगवून घेतला. 'जुने घर द्या, नवा फ्लॅट घ्या. कायद्याचा खर्च ज्याचा त्याचा.'

गंगासागर तळमजल्यावर राहायला गेली. पहिल्या दिवशी तिनं सामान लावलं नाही, नळ सोडला. बंद केला. पुन्हा सोडून बघितला. पाणी आपलं येतच होतं. डॉक्टरच्या आईला धर्मराजनं शेजारी दुसऱ्या बिल्डरच्या बिल्डिंगीत खालचा फ्लॅट मिळवून दिला, ती दुपारी गप्पा मारायला यायला लागली.

दिवाळीला वत्सलाक्का आली. ट्रंक, वळकटी. भाऊबीज झाली. मग तुळशीचं लग्न आलं. ते झालं तर चंपाषष्ठी. मग येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावस्या, तिच्या पाठोपाठ संक्रांत. बसप्पानं एकदा आडून विचारलं, "आक्का, उमापूरची एस्टी सकाळी किती वाजता आसती गं?"

आक्कानं चंचीतून दस्ताची नक्कल काढली. घडी उलगडली. "वाच. 'नंतरचे दिवस.' किती, ते लिवलंय का?"

"न्हाई."

"आन् ह्ये काय?"

"इत्यादी."

"मग."

गंगासागर आतून हसत होती. आक्का तिच्या गुडघ्यांना रोज तेल चोळायची, आणि दोघी मिळून बसप्पाच्या खोड्या काढायच्या. तिला या दस्तात काही खोट दिसत नव्हती.

शिवरात्र जवळ आली तेव्हा बसप्पा गुपचूप केदारनाथ वकिलाकडं गेला. टेबलावर आता दोन फायली होत्या.

"साहेब, ते कलम जरा बारीक करता येतं का? निस्तं दिवाळीपुरतं?"

"येतं की. आक्कांची संमती घ्या, नवा दस्त करा, नोंदवा. पन अप्पा, आता त्याचा खर्च तुमचा."

वकिलानं फी सांगितली. बसप्पानं सवयीनं विचारलं, "वर काय?"

"वर इस्टाम."

बसप्पा उठला, धोतराचा सोगा झटकला आणि घरचा रस्ता धरला. वाटेत आक्काला आवडते म्हणून बालूशाही घेतली. हलवायानं पुडा बांधायला घेतला तेव्हा म्हणाला, "वर एक टाक रे. घरात मानसं वाढलीत."